मर्यादांचे भान आणि यशाचे स्वतःचे माप

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आलेला असतो. त्याच घरात, त्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून, 'प्रयत्नांती परमेश्वर' हेही त्याच्या कानावर पडलेले असते. एक म्हण मर्यादा ओळखायला सांगते, तर दुसरी ती ओलांडायला. कोणत्या वेळी कोणती म्हण लागू करायची, हे मात्र दोन्ही म्हणी सांगत नाहीत. तो निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो आणि तो चुकला तर उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

या निर्णयाची निकड स्पर्धा परीक्षांच्या आकड्यांतून स्पष्ट दिसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाख १६ हजारांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले होते. सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले. अंतिम यादीत नावे आली ती १,०१६ जणांची. अर्ज करणाऱ्या हजारांत एक, असे हे प्रमाण आहे. यादीत नाव येणे हेच यशाचे एकमेव माप मानले, तर उरलेल्या ९९९ जणांची वर्षानुवर्षांची मेहनत एका फटक्यात अपयशाच्या खात्यात जमा होते. हे हिशेबाला सोपे असले, तरी माणसाला न्याय देणारे नाही. मग दुसरे माप कोणते असू शकते? आणि ते पळवाट ठरू नये, यासाठी काय करावे लागते? या प्रश्नांची काही उत्तरे नाशिक शहराच्या आणि जिल्ह्याच्या अनुभवात सापडतात.

क्रमांक नसलेली कसोटी

गेल्या दीड दशकात नाशिकची एक ओळख सायकलस्वारांचे शहर अशीही झाली. या शहरातील अनेक सायकलस्वार 'ब्रेव्हे' या प्रकारात भाग घेतात. सर्वसामान्य शर्यतीहून हा प्रकार मुळातच वेगळा आहे. त्याची सूत्रे पॅरिसमधील ऑडॅक्स क्लब या संस्थेकडे असून, भारतात तो ऑडॅक्स इंडियाच्या माध्यमातून चालतो. पल्ले ठरलेले आणि प्रत्येक पल्ल्याची मुदतही ठरलेली. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास. वाटेतील ठरावीक केंद्रांवर नोंद करावी लागते. प्रत्येक केंद्र उघडण्याची व बंद होण्याची वेळ असते. त्यामुळे फार उशिरा पोचलेला स्वार बाद होतो आणि वाजवीपेक्षा लवकर पोचलेल्याला केंद्र उघडेपर्यंत थांबावे लागते. एका हंगामात चारही पल्ले पूर्ण करणाऱ्यास 'सुपर रँडोनिअर' म्हटले जाते.

या प्रकाराचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे येथे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांकच काढले जात नाहीत. दोनशे किलोमीटर नऊ तासांत संपवणारा तरुण आणि तेरा तास वीस मिनिटांत संपवणारे साठीचे गृहस्थ या दोघांची नोंद सारखीच होते. दोघांनीही ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत, स्वतःच्या बळावर कापले, एवढेच तेथे पाहिले जाते. म्हणून हा प्रकार ढिला आहे, असे कोणी समजू नये. मुदतीपेक्षा दहा मिनिटे उशीर झाला, तर आदल्या रात्रभर चालवलेली सायकल हिशेबात धरली जात नाही. कसोटी कडकच आहे. फक्त ती शेजारच्या स्वाराशी नसून रस्त्याशी, घड्याळाशी आणि स्वतःच्या शरीराशी आहे.

या पद्धतीचा सायकलस्वारावर होणारा परिणाम सूक्ष्म असतो. शर्यतीत पुढच्याला गाठण्याच्या नादात शक्ती उधळली जाते. ब्रेव्हेमध्ये मात्र स्वतःचा वेग किती, भूक कधी लागते, चढावर दम कोठे तुटतो, रात्री कोणत्या प्रहरी झोप अनावर होते, याचा अभ्यास करावा लागतो. आपली मर्यादा ठाऊक नसलेला स्वार सुरुवातीला वेगाने निघतो आणि दीडशे किलोमीटरवर रस्त्याकडेला बसतो. ती ठाऊक असलेला हळू निघतो आणि पोचतो.

मुदतीत पोचण्याची शर्यत

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' या स्पर्धेकडे वळावे लागते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, वाळवंट, पर्वत आणि मैदाने पार करत सुमारे ३,००० मैल म्हणजे जवळपास ४,८०० किलोमीटर सायकल चालवायची. घड्याळ अखंड चालू असते, त्यामुळे झोपेचा प्रत्येक तास हिशेबात जमा होतो. ही शर्यत असल्याने येथे क्रमांक असतात. तथापि, सहभागी होणाऱ्या बहुसंख्यांचे उद्दिष्ट मुदतीत शेवटपर्यंत पोचणे हेच असते, कारण एकट्याने निघालेल्यांपैकी अनेक जण वाटेतच थांबतात.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ही स्पर्धा ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. या गटासाठी मुदत नऊ दिवसांची होती. भारतीयांसाठी ही कामगिरी ऐतिहासिक ठरली. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून सराव करणाऱ्या दोन भावांनी आपली ताकद ओळखून निवडलेला हा गट होता. एकाने चालवायचे तेव्हा दुसऱ्याने विसावायचे, ही पद्धत त्यांनी स्वीकारली. एकट्याने जाण्याचा अट्टहास धरला नाही, म्हणून त्यांच्या कामगिरीचे मोल तसूभरही कमी होत नाही.

त्या काळी नाशिकमध्ये सेवेत असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांचा अनुभव याहून वेगळा धडा देतो. २०१६ मध्ये त्यांनी ही स्पर्धा एकट्याने पूर्ण करण्याचा प्रयत्न केला, परंतु ती अर्ध्यावर सोडावी लागली. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उतरले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत शेवटच्या रेषेपर्यंत पोचले. एकट्याने ही स्पर्धा मुदतीत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यापाठोपाठ काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पूर्ण केली. एकट्यासाठी मुदत १२ दिवसांची. म्हणजे गोकुळनाथ यांच्या हाती अवघे पाच-सव्वापाच तास उरले होते. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासर याने २०१४ मध्ये हेच अंतर ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत कापले होते. त्या विक्रमाच्या मापाने पाहिले, तर चार दिवसांची पिछाडी. स्वतः ठरवलेल्या मापाने पाहिले, तर पूर्ण यश. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०१६ मध्ये जे जमले नाही, ते कायमची मर्यादा नव्हते. एका प्रयत्नात हाती न आलेली गोष्ट आणि आवाक्याबाहेरची गोष्ट यांत फरक असतो. तो फरक घरी बसून कळत नाही. त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते.

शरीर काय सांगते

क्रीडाविज्ञानात मर्यादा ही लाजेची बाब मानली जात नाही. ती माहिती मानली जाते. माणसाच्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक प्रकार झटकन आकुंचन पावतो, मोठा जोर लावतो आणि लवकर थकतो. दुसरा सावकाश काम करतो, पण दीर्घकाळ टिकतो. या दोहोंचे प्रमाण प्रत्येकाच्या शरीरात वेगळे असते आणि ते बऱ्याच अंशी जन्मजात असते. सरावाने त्यात सुधारणा होते. परंतु शंभर मीटरचा धावपटू आणि मॅरेथॉनचा धावपटू एकाच साच्यातून घडत नाहीत. छातीत प्राणवायू किती सामावतो, रक्त तो स्नायूंपर्यंत किती पोचवते, यालाही वरची सीमा असते. चांगला प्रशिक्षक या सीमांकडे पाहून खेळाडूची दिशा ठरवतो.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली ती लांब पल्ल्याकडे वळली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती मॅरेथॉन धावली, तेव्हा तिचा क्रमांक १२० वा होता. केवळ हा आकडा वाचणाऱ्यास तो पराभव वाटेल. पाड्यावरच्या पायवाटेपासून ऑलिम्पिकच्या ४२ किलोमीटरपर्यंतचे अंतर ज्याच्या लक्षात येते, त्याला तसे वाटणार नाही.

याच रिओ स्पर्धेत नाशिक जिल्ह्याचा आणखी एक खेळाडू होता. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचा दत्तू भोकनळ. चांदवड हा पाण्याच्या टंचाईसाठी ओळखला जाणारा भाग. अशा गावातून आलेला, कष्टाची कामे केलेला हा तरुण २०१२ मध्ये लष्करात भरती झाला आणि तेथे त्याची नौकानयनाशी ओळख झाली. चार वर्षांत तो ऑलिम्पिकपर्यंत पोचला. रिओमध्ये एकेरी नौकानयनाच्या उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला. पुढे जाणार होते ते पहिले तिघे. पदकाची शक्यता तेथेच संपली.

ऑलिम्पिक नौकानयनाची एक रीत येथे समजून घ्यायला हवी. बाद झालेल्यांना घरी पाठवले जात नाही. त्यांच्यात पुन्हा शर्यती होतात आणि प्रत्येकाचे जागतिक स्थान निश्चित केले जाते. या शर्यतींत पदक नसते, टाळ्या कमी असतात आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरेही बहुधा दुसरीकडे वळलेले असतात. दत्तूने अशा 'सी' गटाच्या अंतिम शर्यतीत पहिला क्रमांक पटकावला आणि स्पर्धेत एकूण तेरावे स्थान मिळवले. पदक हातचे गेल्यानंतर दोन हजार मीटरचा तोच पाण्याचा पट्टा पुन्हा पूर्ण ताकदीने कापणे, हे स्वतःचे माप असल्याशिवाय होत नाही.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, इंडोनेशियातील आशियाई स्पर्धेत त्याच्या शरीराने त्याला अडवले. एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारपणामुळे तो शेवटच्या स्थानावर राहिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत तो पुन्हा बसला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. आदल्या दिवशी एकट्याला न पेलवलेले ओझे दुसऱ्या दिवशी चौघांत वाटले गेले. आपली मर्यादा मान्य करणे म्हणजे नौकेतून उतरणे असे नसते. कधी कधी त्याचा अर्थ नौका बदलणे असा असतो.

अपेक्षा आणि समाधान

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्वाभिमानाचे एक साधे गणित मांडले होते. मिळालेल्या यशाला आपण केलेल्या दाव्यांनी भागले, की माणसाचे स्वतःविषयीचे समाधान कळते. भागाकार वाढवण्याचे मार्ग दोन. वरचा अंक वाढवा किंवा खालचा कमी करा. जेम्स यांनी दिलेले एक उदाहरण दत्तूच्या खेळाशी नेमके जुळते. जगात दुसऱ्या क्रमांकाचा नावाडी असूनही पहिला नाही म्हणून शरमेने खचलेला माणूस त्यांनी वर्णिला आहे. सारे जग त्याच्यामागे आहे. पण त्याने स्वतःला एकाच माणसाशी तोलले आहे.

पुढे या निरीक्षणाला संशोधनाचाही आधार मिळाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील विजेत्यांच्या चेहऱ्यांवरील भाव अभ्यासून अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये असे दाखवले, की रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले अधिक आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेले सुवर्ण असते. कांस्यवाल्याच्या मनात आपण रिकाम्या हाताने परतलो असतो, ही जाणीव असते. पदक वरचे असूनही समाधान खालचे, असा हा विपर्यास आहे.

आवाक्याबाहेरचे ध्येय सोडता येणे हाही एक गुण आहे, असे मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मधील अभ्यासात मांडले. मात्र त्यात एक पुरवणी होती. नुसते सोडणे पुरेसे नाही. सोडलेल्या जागी नवे ध्येय धरता आले पाहिजे. नाशिककरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वि. वा. शिरवाडकर यांनी १९३६ च्या सुमारास गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत प्रवेश केला. 'सती सुलोचना' या चित्रपटाची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. त्यानंतर ते वृत्तपत्रे आणि नियतकालिकांत काम करू लागले. १९४२ मध्ये 'विशाखा' प्रसिद्ध झाला आणि कवी कुसुमाग्रज महाराष्ट्राला मिळाले. पुढे ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत पोचलेल्या या साहित्यिकाने आयुष्याचा मोठा काळ नाशिकमध्येच, येथील वाचनालयात आणि येथल्या माणसांत घालवला. मोठे होण्यासाठी मोठ्या शहरात राहिलेच पाहिजे, हे माप त्यांनी स्वतःला लावले नाही.

मर्यादा आणि भिंत

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मर्यादा स्वीकारण्याचा उपदेश समाजात नेहमी दुबळ्यांनाच अधिक केला जातो. मुलीने फार शिकू नये, गरिबाने फार मोठी स्वप्ने पाहू नयेत, अमक्या जातीच्या माणसाने अमुक पायरी चढू नये, हे सारे 'मर्यादा' या एकाच शब्दात खपवले जाते. वस्तुतः या मर्यादा नव्हेत, इतरांनी बांधलेल्या भिंती आहेत.

नाशिकइतकी या फरकाची आठवण दुसरे शहर क्वचितच देईल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह येथे सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासह असंख्य कार्यकर्त्यांनी तो पाच वर्षे नेटाने चालवला. तरुण शिरवाडकरही त्यात सहभागी झाले होते. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथील परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिरप्रवेशाचा लढा थांबवण्याचा निर्णय झाला. यातील बारकावा महत्त्वाचा आहे. त्यांनी अन्याय स्वीकारला नाही. त्या दारातून आत जाणे हे आपल्या माणूसपणाचे माप आहे, एवढेच त्यांनी मानायचे नाकारले. एक मार्ग बंद झाला, ध्येय नाही. ज्यांच्या हाती किल्ली होती, त्यांच्या हाती मापही राहू द्यायचे नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ होता.

म्हणूनच समोरचा अडथळा कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी तपासावे. शरीराची, वयाची, उपलब्ध वेळेची किंवा स्वीकारलेल्या जबाबदाऱ्यांची सीमा असेल, तर तिच्याशी जुळवून घेता येते. सरावाचा अभाव असेल, तर तो भरून काढता येतो. आणि ती दुसऱ्याने घातलेली अडवणूक असेल, तर तिच्यापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांची अडचण बुद्धीची नसून संधीची आहे, हे ओळखूनच १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, शेती आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी त्याने दार उघडले. पंचेचाळिसाव्या वर्षी पदवीधर झालेली गृहिणी विशीतल्या मुलांच्या मापाने उशिरा पोचलेली असते. तिच्या स्वतःच्या मापाने ती अगदी वेळेवर असते.

स्वतःचे माप ठरवताना

स्वतःचे माप ठरवण्याचा हक्क मिळाला, की ते सोयीनुसार वाकवण्याचा मोहही होतो. निकाल हाती आल्यानंतर 'मला तसे नकोच होते' असे म्हणणे सोपे आहे. ती व्याख्या नव्हे, सारवासारव झाली. ब्रेव्हेच्या नियमांतून यावर तोडगा मिळतो. तेथे अंतर आणि मुदत निघण्यापूर्वीच लिहिलेली असते. यशाची व्याख्याही अशीच आधी ठरलेली असावी आणि ती पूर्ण झाली की नाही, हे निर्विवादपणे सांगता यावे. 'चांगला माणूस होणे' ही इच्छा उत्तम, पण तिला मोजणे अवघड. 'दर आठवड्याला चार दिवस संध्याकाळी सात वाजता घरी असणे' हे मात्र तपासता येते.

दुसरे म्हणजे, किंमत आधी मोजावी. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला आयोगाने प्रयत्नांची आणि वयाची मर्यादा घालून दिलेली असते. खुल्या प्रवर्गासाठी नागरी सेवा परीक्षेत सहा प्रयत्न आणि ३२ वर्षे वय ही सीमा आहे. परंतु आयोगाची सीमा हीच घरची सीमा असायला हवी, असे नाही. आपण किती प्रयत्न करणार, त्यासाठी घरचे किती पैसे लागणार आणि त्यानंतर कोणती वाट धरणार, हे पहिल्या प्रयत्नाआधीच घरच्यांशी बोलून कागदावर लिहून ठेवलेले बरे. तिसऱ्या अपयशानंतरच्या रात्री हा निर्णय नीट होत नाही. आधी ठरवून थांबणारा उमेदवार पळ काढत नाही. त्याने आपला शब्द पाळलेला असतो. घरच्यांनीही त्या थांबण्याकडे तसेच पाहायला हवे.

तिसरे म्हणजे, माप अधूनमधून तपासावे. विशीत ठरवलेले माप चाळिशीत अपुरे किंवा अवाजवी ठरू शकते. प्रकृती बदलते, आईवडील थकतात, मुले मोठी होतात. धावपटू वयानुसार पल्ला बदलतो, तसे उद्दिष्टही बदलावे लागते. फक्त बदल चढाच्या मध्यावर, दम लागलेला असताना करू नये. सपाटीवर आल्यावर, शांत डोक्याने करावा.

आणि शेवटी, आपले माप दुसऱ्यावर लादू नये. स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांची फूटपट्टी मुलांच्या हाती देणारे पालक कमी नाहीत. दहावी-बारावीच्या निकालानंतर शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याची रीत तर घरोघरी आहे. त्याऐवजी मुलाने स्वतः काय ठरवले होते, त्यातले किती साधले आणि पुढे काय करायचे आहे, हे विचारले, तर अनेक घरांतील निकालाचा दिवस वेगळा जाईल.